काहूनचं गाणं

नोव्हेंबर तोंडावर आला की आमच्या रायपूरला नटायची घाई होते. दुभाजकांवर नवा रंग चढतो, चौकातल्या पुतळ्यांना आंघोळ घातली जाते आणि राज्योत्सवाचे मांडव पुरते उभे राहायच्या आत भोंग्यांची चाचणी सुरू होते. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणणारा तो कंटाळलेला आवाज कानावर आला की मला कळतं, थंडी आली. इतरांना ती पेटीतून काढलेल्या स्वेटरच्या वासाने कळते, बाजारात आलेल्या कोवळ्या तिवऱ्याच्या भाजीने कळते, शहराबाहेरून संध्याकाळी येणाऱ्या नव्या धानाच्या धुरकट गंधाने कळते. मला मात्र भोंग्याने. कारण चाचणीसाठी भोंगेवाले हटकून जुनी गाणी लावतात, आणि त्या जुन्या गाण्यांत एक गाणं असं आहे की ते लागलं तर आपण कुठे पाहायचं आणि चेहरा कसा ठेवायचा, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

यंदा ते लागलं. त्याचं सांगतेच. पण आधी गाण्याविषयी बोलू द्या, कारण त्याच्याविषयी मी आजवर कुणाशीच बोललेले नाही. मी तशी कमी बोलणारी बाई आहे. सरकारी कागदांचे हिंदीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून हिंदीत अनुवाद करत बसते. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द इकडून तिकडे नेऊन ठेवणाऱ्या माणसाला स्वतःचे शब्द काढायची सवय राहत नाही, असं मी लोकांना सांगते. खरं कारण वेगळं आहे.

गाण्याचं नाव 'कहूँ ना'. तुम्ही आमच्या भागाबाहेरचे असाल तर ते तुम्ही ऐकलेलं नसणार, आणि त्यात तुमचं काही बुडालेलं नाही. राज्य नवं झालं त्या हिवाळ्यातलं ते गाणं. ऑटो, पानठेले, लग्नाच्या वराती, शाळेचं गॅदरिंग, सगळं त्याने व्यापून टाकलं आणि होळीचा रंग उतरला तसं तेही उतरलं. ते वाईट होतं. हे मी आता चांगल्या जाणत्या कानाने सांगते. कीबोर्डचं एक बटण दाबलं की जो ताल आपोआप वाजत राहतो, तोच सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मध्येच, कुणालाही न विचारता, एक कोंबडा आरवतो. गाणारा गडी नाकात गातो आणि स्वतःच्याच ओळीला स्वतःच हसतो. शब्द म्हणाल तर 'नई-नई राजधानी, तू बन जा मेरी रानी'. पुढच्या कडव्यात 'पानी' येणार हे आम्हाला शाळेच्या वयातही कळत होतं, आणि ते आलंच.

पण दर ओळीनंतर ताल थांबायचा. क्षणभर काहीच वाजायचं नाही. आणि त्या रिकाम्या जागेत एका बाईचा आवाज यायचा, जाडसर, खणखणीत, गाण्याबिण्याचा अजिबात नसलेला. "कहूँ ना?" की धाडकन ढोल. त्या एका थांबण्यासाठी अख्खं शहर ते गाणं ऐकत होतं. गडी म्हणायचा, 'दिल की बात बोल दे', आणि ऑटोमध्ये एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या आम्ही पोरी, दप्तरं सावरत, माना वाकड्या करून ओरडायचो, "कहूँ नाऽ?" सांगू ना? सांगू? त्या वर्षी असल्या लाडिक विचारण्याची हवाच होती.

आणि राजधानीचीही. त्या दिवसांत रायपूर आरशासमोरून हलतच नव्हतं. जुन्या इस्पितळात मंत्रालय आलं. शंकर नगरच्या निवांत बंगल्यांसमोर लाल दिव्याच्या गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि आम्ही सायकली थांबवून आत कोण आहे ते वाकून पाहायचो. पेंटर शिड्या लावून पाट्यांवरचं 'म.प्र.' खरवडत होते आणि 'छ.ग.' लिहीत होते, पण जुनी अक्षरं नव्या रंगाखालून दिसतच राहायची. आमच्या पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, केस कापणारा रातोरात 'राजधानी हेअर कटिंग' झाला. कुणी काहीही म्हणो, नवा रस्ता होणार, नवा पूल होणार, नवं शहरच वेगळं बसणार, लोक मान हलवत म्हणायचे, "हव, हव." हो, हो. त्या हिवाळ्यात माझ्या शहराने जितक्या वेळा 'हव' म्हटलं असेल, तितक्या वेळा पुढे कधी म्हटलं नाही.

आमचं घर रेल्वेच्या क्वार्टरात. बाबा गुड्स ऑफिसात कारकून. आई वऱ्हाडातल्या एका खेड्यातून लग्न होऊन आलेली आणि येताना आपली बोली उशाशी घेऊन आलेली. 'मला' तिच्या तोंडात कधी आलं नाही, 'मले'च. आणि 'का' तर नाहीच. काहून. शाळेतून उशिरा आली, काहून? ताटात भात टाकला, काहून? भाजीवाल्याला, "टमाटे इतके महाग काहून गा?" शेवटचा न ती जरा लांबवायची, 'काहूऽन अ?' असा, म्हणजे समोरच्याला उत्तर द्यायला जागा राहील.

गावात मराठी मंडळींची दोन तोंडं होती. आमच्यासारखी नोकरीपायी विदर्भातून आलेली, आणि मराठ्यांच्या राज्यापासून इथे रुजलेली जुनी घरं. दुसऱ्यांचं मराठी इस्त्रीचं. त्यांच्यातल्या पटवर्धनकाकू भजनी मंडळाच्या प्रमुख होत्या. आईला त्यांनी मंडळात घेतलं ते तिच्या आवाजासाठी, आणि घेतल्यापासून त्या तिची भाषा सुधारत होत्या. "सुमनताई, 'का' म्हणावं हो. 'काहून' कसं ऐकायला..." आणि वाक्य पुरं करायच्या नाहीत. आई म्हणायची, "हो हो, काकू," आणि दोन वाक्यांनी पुन्हा काहून.

त्या वर्षी गणपतीच्या आधी मंडळाने आरत्यांची कॅसेट काढायचं ठरवलं. सदर बाजारात सराफांच्या दुकानांवर एक खोली होती, तिथे बॉबी भैया नावाचा एक केसाळ माणूस रेकॉर्डिंग करायचा. मीही गेले होते, शाळेला सुट्टी होती म्हणून. आवाज घुमू नये म्हणून त्याने भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले. आरती म्हणायला आलेल्या बायका ते पाहून दारातच थबकल्या. "अगंबाई, अंड्याचे!" काकूंनी तोंडाला पदर लावला. शेवटी बॉबी भैयाने खालच्या सराफाच्या बैठकीवरच्या चादरी आणून ट्रे झाकले, आणि मगच गणपती सुरू झाला.

पहिल्याच कडव्याला त्याने हात वर केला. काचेपलीकडून म्हणाला, "आंटी, आप... हाँ, आप. थोड़ा पीछे हो जाइए. आपकी आवाज सबको खा रही है."

आईने विचारलं, "काहूऽन अ?" आणि हात कमरेवर ठेवला. बांगड्या वाजल्या.

बायका फिसकन हसल्या. बॉबी भैयाही हसला. आईला हसण्यासारखं काय झालं ते कळलं नाही. कमरेवरचा हात तसाच ठेवून ती म्हणाली, "माहाच आवाज काहून मागं? ज्यायचा आयकू येत नाही, ते पुढं सरका न."

"रेकॉर्डिंग चालू आहे सुमनताई," काकू म्हणाल्या. "आणि 'का' म्हणा."

आई मागे सरकली. ती कॅसेट आमच्या घरी होती, गणपतीत वाजायची. तिच्यात आईचा आवाज ऐकू यायचा नाही. शोधावा लागायचा, दाराआडून कुणी म्हणतंय तसा.

आणि दिवाळीनंतर 'कहूँ ना' आलं.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे, जी माझ्या कानांना शोभत नाही. सकाळपासून झोपेपर्यंत 'काहून' ऐकणारी मी, गाण्यात तोच शब्द, तोच आवाज, आणि मलाही 'कहूँ ना'च ऐकू आलं! गाण्यातली बाई गाण्यातलीच असते, असं पक्कं होतं डोक्यात. तिच्या घरी स्टोव्ह नसतो, ती कुणाची आई नसते. मी त्या बाईच्या प्रेमात होते. तिच्यासारखी मान वेळावायचे, आरशासमोर तिच्यासारखा आवाज काढायचे, आणि माझा बारीक निघाला की वाईट वाटायचं.

ओळखलं ते आईने. रविवार होता, शेजारच्या पाऱ्यात लग्न होतं. आई अंगणात खाटेवर कपडा पसरून कोहळ्याच्या वड्या घालत होती, बाबा पेपर वाचत होते. भोंग्यावर ते लागलं आणि मी खांदे उडवायला लागले. आईचा डाळीने भरलेला हात हवेतच राहिला.

"हा तं माहा आवाज हाये," ती म्हणाली.

"काही काय बोलून राहिली," बाबा पेपरातून म्हणाले.

"अहो, ऐका न. बांगड्या वाजल्या का नाही माह्या?"

आम्ही तिघंही पुढच्या ओळीसाठी थांबलो. गडी म्हणाला, 'चल घुमा दूँ गाड़ी लाल बत्तीवाली'. ताल थांबला. "काहूऽन अ?" आणि पाठोपाठ, ढोल पडायच्या आत, काचेच्या बांगड्यांची ती बारीक खळखळ. मी ती तोवर झांजा समजत होते.

बाबांनी पेपराची घडी घातली. मला अजून आठवतं, किती काळजीपूर्वक घातली. आई हाताकडे पाहत राहिली. बॉबी भैयाने तिचं ते एक काहून टेपवरून उचललं होतं आणि गाण्यात जागोजागी लावलं होतं. विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. आणि शब्द? तो त्याला 'कहूँ ना' वाटला. मराठी कानात जो जाब होता, तो हिंदी कानात जाईपर्यंत लाडिगोडी झाला होता. ज्या बाईने हात कमरेवर ठेवून विचारलं होतं, तिला शहराने ओठांवर बोट ठेवायला लावलं होतं.

ओठांवर बोट तर खरोखरच होतं. दुसऱ्या दिवशी बाबा मला स्कूटरवर मागे बसवून सदर बाजारात गेले. ते आयुष्यात कुणाशी भांडले नव्हते. भांडायला जाताना सोबत म्हणून त्यांनी मला घेतलं असावं. कॅसेटच्या पिवळ्या कव्हरवर कुणी एक नटलेली बाई ओठांवर बोट ठेवून डोळा मिचकावत होती. वर लाल अक्षरांत 'कहूँ ना'. मला वाटलं, बाबा आता म्हणतील, माझ्या बायकोचा आवाज काढून टाक. ते घसा साफ करत राहिले. मग म्हणाले, "भैया, ये शब्द गलत छपा है. कहूँ ना नहीं है. काहून है."

"मतलब?" बॉबी भैया म्हणाला.

"मतलब, क्यों."

बॉबी भैयाने बाबांकडे पाहिलं, कव्हरकडे पाहिलं, आणि अगदी प्रेमाने हसला. "भाई साहब, 'क्यों' पे कौन नाचेगा?"

परतताना आम्ही गर्दीत अडकलो होतो, तेव्हा एका सायकल रिक्षावरून तेच गाणं गेलं. बाबा समोर पाहतच हळूच म्हणाले, "आवाज मात्र चांगला आला आहे." एवढंच. घरी पोचेपर्यंत त्यांच्या पाठीला गाल टेकवून मी ते वाक्य जपून नेलं.

कारण, आणि हेच ते, जे मी कधी सांगितलं नाही, मला अभिमान वाटत होता. घरात सगळे दुखावल्यासारखे वावरत होते. गाणं लागलं की बाबा खिडकी लावत, आई उगाच भांडी आपटे, आणि मीही चेहरा पाडून बसे. पण आतून मी फुटायच्या बेतात होते. नवी राजधानी, इतके मंत्री, इतक्या गाड्या, आणि सगळ्यांच्या कानात कोण? माझी आई! आम्ही पंडरीच्या कापड बाजारात शाळेच्या गणवेशाचं कापड घ्यायला गेलो होतो. ठोकच्या दुकानात गठ्ठ्यांवर गठ्ठे, आणि रेडिओवर ते. गज धरून कापड मोजणारा माणूस 'काहून'ला थांबायचा आणि ढोलावर कापड टर्रकन फाडायचा. आई खाली मान घालून उभी होती. मी तिच्या शेजारी उभी राहून मनात म्हणत होते, तुम्ही हिच्याच आवाजावर कापड फाडताय, आणि हिलाच म्हणताय, बहनजी जरा सरको. शाळेतून येताना मी सरळ रस्ता सोडून पानठेल्यावरून यायला लागले. ठेलेवाल्याला वाटलं असेल, पोट्टीला गाण्याचा नाद आहे. मी फक्त त्या थांबण्यासाठी उभी राहायचे. माझ्या आईसाठी ताल थांबायचा. तसा तो कुणाच्या आईसाठी थांबतो?

पण या अभिमानाचीच मला लाज वाटत होती. सगळे रडवेले असताना आपण खूश असणं म्हणजे काहीतरी बिघडलेलं आहे आपल्यात, असं वाटायचं.

मग काकू आल्या. त्यांनाही आवाज ओळखू आला होता. मंडळातल्या सगळ्यांनाच आला होता, फक्त तोंडावर कुणी बोलत नव्हतं. आई चहा टाकायला आत गेली. काकू खुर्चीच्या टोकावर बसल्या, जशा त्या आमच्याकडे नेहमी बसायच्या, आणि आवाज खाली आणून मला म्हणाल्या, "खरं सांग हं. तुला कसं वाटतं गं, आईचा आवाज असा पानठेल्यांवर ऐकून?"

आत स्टोव्हची फरफर थांबली होती. आईने तो विझवला होता, म्हणजे तिला ऐकू येत होतं. मला हे कळत होतं. तरी काकूंच्या चेहऱ्यावर जे उत्तर मांडून ठेवलेलं होतं, तेच मी उचललं.

"घाण वाटतं," मी म्हणाले.

"वाटणारच," काकू म्हणाल्या.

आई चहा घेऊन आली. कप ठेवला, बशी सरळ केली. काकू गेल्यावर तिने कप विसळले. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याला तिने विचारलं, "टमाटर इतने महँगे क्यों है, भैया?" तो म्हणाला, "क्या अम्मा, आज साहब लोगों जैसी?" आई हसली. मला म्हणाली, "का गं, उशीर झाला शाळेतून?" तिच्या तोंडात तो 'का' परक्याच्या चपलेसारखा वाटला.

अशा रीतीने आमच्या घरातून तो शब्द गेला. भांडण नाही, रुसवा नाही. 'मले', 'तुले' राहिलं, 'करून राहिली' राहिलं, तेवढा एक शब्द गेला. गाणंही होळीला गेलं. पण शब्द परत आला नाही, आणि माझ्याने म्हणवलं नाही की आई, मी खोटं बोलले. आज म्हणू, उद्या म्हणू. परीक्षा आल्या, नोकरी आली, लग्न झालं, ईशा झाली. बाबा गेले. जी गोष्ट पहिल्या आठवड्यात एका वाक्यात सांगता आली असती, ती दर वर्षी जड होत गेली, आणि मी कमी बोलणारी बाई म्हणून प्रसिद्ध झाले.

शब्दांचं काम करायला लागल्यावर मी त्या एका शब्दाशी पुष्कळ झगडले आहे. 'का' कारण विचारतो. 'क्यों' थोडं कपाळाला आठ्या घालून विचारतो. पण काहून? त्यात हात कमरेवर आहे. मी हलणार नाही, तू बोल, असं आहे त्यात. माझ्यासमोर येणाऱ्या कागदांत कितीदा तरी वाटतं, या परिच्छेदाखाली फक्त तेवढंच लिहावं. लिहीत नाही, अर्थात.

आणि हळूहळू ते गाणं मला वेगळंच ऐकू यायला लागलं. एकदा मराठीत ऐकून पाहा. गडी म्हणतो, मनातलं सांग. ती म्हणते, काहून? तो म्हणतो, नवी राजधानी आहे, माझी राणी हो. काहून? चल, लाल दिव्याच्या गाडीतून फिरवतो. काहून? तो नाचतो, हसतो, कोंबडा आरवतो, आणि ती जागची हलत नाही. ज्या हिवाळ्यात अख्खं शहर 'हव हव' करत होतं, त्या हिवाळ्यात चौकाचौकांत एकच आवाज विचारत होता, आणि त्या विचारण्यावर शहर नाचत होतं. बॉबी भैयाचा प्रश्न चूक होता. लोक 'क्यों'वरच नाचले, त्यांना फक्त ते माहीत नव्हतं.

म्हणून ते गाणं थोर होतं असं मी म्हणणार नाही. ते टुकारच होतं. न विचारता उचललेल्या आवाजावर उभं होतं, आणि ज्यांनी ते केलं त्यांना आपण काय केलं याचा पत्ता नव्हता. त्यात जे चांगलं होतं ते चुकून आत आलेलं होतं. पण चुकून आलेल्याचीही मालकी कुणाची तरी असते, आणि ती माझ्या आईची होती. हे मी मनातल्या मनात किती सुंदर मांडायचे! लेखच्या लेख. आणि जिला सांगायचं, ती शेजारच्या खोलीत 'का गं' म्हणत होती.

तर यंदा. रविवारची सकाळ होती. आई हल्ली आमच्याकडे शंकर नगरला असते. बाल्कनीच्या उन्हात ती आणि ईशा मटार सोलत होत्या. म्हणजे आई सोलत होती आणि ईशा खात होती. मैदानाकडच्या भोंग्यावरून "हॅलो, हॅलो" झालं, मग घरघर, आणि तो कीबोर्ड.

"अरे, ये तो वो रीलवाला गाना है!" ईशा बसल्या जागी खांदे उडवायला लागली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. "नानी, सुनो ना, अभी आएगा, अभी आएगा..."

ताल थांबला. "काहूऽन अ?" बांगड्या. ढोल.

आई मटारच सोलत होती. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. अशा वेळी मी दार ओढून घेते, किती गोंगाट हा, म्हणते. आईने वर न पाहताच म्हटलं, "लाव ते दार. धूळ येऊन राहिली." धूळ नव्हती. इतकी वर्षं मला सबब तीच पुरवत आली होती, हे मला त्या क्षणी कळलं.

मी कप खाली ठेवले. "ईशा, हा आवाज कुणाचा आहे, माहिती आहे?"

"किसी का भी होगा."

"आजीचा आहे."

ईशाच्या तोंडातला मटार तसाच राहिला. "झूठ. नानी का? नानी, सच्ची? आपने कभी बताया क्यों नहीं?"

आईने ईशाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "तुह्या आईले घाण वाटे," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. हिला कारलं आवडत नाही, असं सांगावं तसं सांगितलं तिने.

"नव्हतं वाटत, आई," मी म्हणाले. आवाज असा निघाला की ईशाने नाचायचं थांबवलं. "मी काकूंसमोर खोटं बोलले. मला आवडायचं. मी पानठेल्यावरून फिरून घरी यायचे, तुझा आवाज ऐकायला. पंडरीच्या त्या दुकानात मला ओरडून सांगायचं होतं सगळ्यांना. मला इतका अभिमान..."

आईने हातातली शेंग सोलली. दाणे वाटीत टाकले. साल परातीत टाकलं.

"हे सांगाले इतके वर्षं, बाप्पा?"

"हो."

"अन् मी तिकडं भाजीवाल्यासंग हिंदी बोलू बोलू जीभ वाकडी करून घेतली." ती हसली नाही, पण तिने सरकून शेजारी जागा केली. मी बसले. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मटाराचा ओला हात, आणि म्हणाली, "लेकरू होती तू. पण मले लागलं होतं हो. लई लागलं होतं."

ईशाला धीर नव्हता. "पर नानी, आप बोल क्या रही हो इसमें? कहूँ ना, मतलब प्यार की बात कहूँ?"

"कुठचं प्यार अन् कुठचं काय!" आई म्हणाली. "काहून म्हटलं मी त्याले. काहून! त्यानं मले मागं सरकाले सांगितलं, मी काहून म्हटलं."

"काहून मतलब क्यों?" ईशाने झटक्यात फोन काढला, गाणं शोधलं, आवाज मोठा व्हावा म्हणून फोन स्टीलच्या रिकाम्या वाटीत उभा केला. पहिल्या ओळीला तिने कान टवकारले, दुसऱ्या ओळीला तिचा चेहरा उजळला, तिसऱ्या ओळीला ती बाल्कनीच्या फरशीवर लोळत होती. "मम्मी, सुनो तो! वो बोलता है रानी बन जा, नानी बोलती है काहून? गाड़ी में घुमा दूँ, काहून? बेचारे का पूरा गाना निकल गया!"

आई मन लावून ऐकत होती. इतक्या वर्षांत मी तिला ते गाणं शेवटपर्यंत ऐकताना पहिल्यांदाच पाहत होते. गाणं संपलं, वाटी शांत झाली. तिने पदराने हात पुसले.

"मंग काय करन तो?" ती म्हणाली. "इतक्या बारी विचारलं मी त्याले. एक तरी कारण धड सांगता आलं का?"